पालेर्मोत पाच रात्री : सासूबाई शाकाहारी, नवरा मासेखाऊ. जेवायचं कुठे?

मृद्गंधा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात लेकीकडे मिलानला चाललोय. तिची परीक्षा संपेपर्यंत तिच्या डोक्यावर बसून राहण्यापेक्षा आम्ही तिघं १० ते १५ डिसेंबर इटलीतल्याच सिसिली बेटावर पालेर्मोला जाऊन येतो, असं ठरलं. तिकिटं झाली, खोलीही झाली, क्वात्रो कान्तीच्या चौकापासून पाच मिनिटांवर. चर्च, राजवाडे, मोझेइक यांची माहिती पुष्कळ मिळाली. अडलंय ते पोटापाशी.

आम्ही तिघं म्हणजे मी (सगळं खाते), नवरा (आजोळ वेंगुर्ल्याचं, मासा दिसला की भान जातं) आणि सासूबाई. त्यांचं वय ७१, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. शेजारच्या ताटात मासा असला तर त्यांची हरकत नसते, फक्त 'माझ्या ताटात काय आहे ते खरं सांगा' एवढंच म्हणतात. मागे रोमला गेलो होतो तेव्हा पाच दिवस दोन्ही वेळा मार्गारीता पिझ्झा खाल्ला बिचारीनं. शेवटच्या रात्री वेटरनं पिझ्झा आणून ठेवला तर त्यांनी त्याला चक्क हात जोडले.

यावेळी तसं व्हायला नकोय. दहा उत्तम रेस्तराँच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत, त्या नकोत. तुम्ही स्वतः काय खाल्लंत ते सांगा. आणि बॅगेत थेपले भरू की नको?

आत्याबाई

थेपले भरा. चिवडा भरा. लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून भरा. पोळीभाजी मिळत नाही तिथे माणसं जातातच कशाला हे मला कळलेलं नाही. (हलके घ्या.)

बेसनलाडू

मृद्गंधाताई, थेपले राहू द्या. लसणीची चटणी मात्र नक्की न्या, कोरडी. का ते सांगते.

मी अकरा वर्षं बोलोन्यात राहते. इथे उत्तरेत शाकाहारी पाहुणे आले की मला घाम फुटतो. पालेर्मोला मात्र मी माझ्या आईला निर्धास्त घेऊन गेले होते. कारण तिथलं गोरगरिबांचं रस्त्यावरचं खाणं म्हणजे पानेल्ले, आणि पानेल्ले म्हणजे आपलं बेसन.

काबुली चण्याचं पीठ पाण्यात कालवायचं, मीठ घालायचं, मंद आंचेवर सतत ढवळत आटवायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. गोळा कडा सोडायला लागला की पार्सली घालून थापायचं, गार झालं की पातळ पातळ कापायचं आणि कढईत सोडायचं. ओळखीचं वाटतंय ना? पाटवडीच आहे ही, फक्त फोडणी द्यायला विसरलेली! तळल्यावर कडा कुरकुरीत होतात आणि पोट मऊ राहतं. सात-आठ तुकडे एकावर एक रचून तीळ लावलेल्या पावात घालतात, वर लिंबू पिळतात. अंडं नाही, दूध नाही, काहीच नाही. पावासकट दोन-तीन युरोत काम होतं.

उणीव एकच, तिखट नाही. म्हणून चटणी न्या म्हटलं. आईनं पाव उघडून चटणी भुरभुरली आणि म्हणाली, "आता झाला हा वडापाव."

जोडीला कात्सिल्ली मागा. उकडलेल्या बटाट्याचे बोटभर लांब वळलेले तुकडे, त्यात पुदिना किंवा पार्सली. नावाचा अर्थ सासूबाईंना सांगू नका, चावट आहे.

हे सगळं 'फ्रिज्जितोरिया' अशी पाटी असते तिथे मिळतं, म्हणजे तळणीचं दुकान. काल्सा भागात 'किलुत्सो' म्हणून आहे, चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असतात. पियात्सा मारीनाजवळ 'न्नी फ्रांको उ वास्तिद्दारू' आहे. मी दोन्हीकडे खाल्लंय. पण खरं सांगू, बालारोच्या बाजारात ज्या कढईसमोर स्थानिक बायका पिशव्या घेऊन उभ्या असतील तिथे उभं राहायचं. कढईत तुमच्यासमोर सोडलेलं मागायचं, परातीत निवत पडलेलं घ्यायचं नाही.

झिपरी

+१ पानेल्लेंना. पण ताई, आरांचीनापासून जपून! माझा किस्सा सांगते.

मी दोन वर्षांपूर्वी एकटीच गेले होते, शाकाहारी. आरांचीना म्हणजे केशरी भाताचा नारळाएवढा गोळा, आत सारण, वरून ब्रेडचा चुरा लावून तळलेला. काउंटरवर दोन परातींवर दोन पाट्या होत्या, 'आल्ला कार्ने' आणि 'आल बुर्रो'. कार्ने म्हणजे मांस हे मला माहीत होतं. बुर्रो म्हणजे लोणी. मी आपली खुशीत लोण्याचा घेतला. दुसऱ्या घासाला आत हॅमचे गुलाबी तुकडे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "हो, बुर्रोच आहे. लोणी, चीज आणि हॅम." म्हणजे पालेर्मोत 'लोण्याचा' म्हटलं की हॅम त्यात गृहीतच धरायचं! दुकानाचा दोष नाही, शहराची रीतच तशी आहे. शाकाहारी माणसानं पालकाची, 'आल्यी स्पिनाची', मागायची आणि तीही विचारून.

अजून एक गोष्ट. 'मांस नको' म्हटलं की त्यांना बीफ-मटण नको असं वाटतं, हॅम आणि अँकोव्ही मासा त्यात मोजत नाहीत. म्हणून 'व्हेजेतारियाना' हा शब्द वापरा, मग 'निएन्ते प्रोश्शुत्तो, निएन्ते आच्चूगे' हेही जोडा. म्हणजे हॅम नको, अँकोव्ही नको. मी कागदावर लिहूनच नेलं होतं.

तारलीवाला

वेंगुर्ल्याचा भाचा जातोय म्हणजे आपल्याला बोलणं भाग आहे.

मी जहाजावर इंजिनीअर. पालेर्मोच्या गोदीत आमचं जहाज दुरुस्तीला तीन आठवडे पडून होतं. संध्याकाळी काम संपलं की पायी गावात. शाकाहाराचं मला काही कळत नाही, तेव्हा सासूबाईंना बेसनलाडू ताईंच्या स्वाधीन करा आणि भाच्याला माझ्याकडे द्या.

पहिलं, 'सार्दे आ बेक्काफीको'. सार्दे म्हणजे आपली तारली. काटा काढून चिरायची, आत ब्रेडचा चुरा, बेदाणे, चिलगोजे घालून वळकटी करायची, दोन वळकट्यांमध्ये तमालपत्र खोचायचं आणि भाजायचं. बेक्काफीको हा एक लहानसा पक्षी. तिथले उमराव तो भरून खायचे. गरिबाला पक्षी परवडेना, म्हणून त्यानं तारलीलाच शेपूट वर करून पक्षी बनवलं. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तारल्यांत बेदाणे? खीर केल्यानी काय?" मलाही पहिला घास विचित्र लागला. तिसऱ्या दिवशी मी शोधत गेलो.

दुसरं, 'पास्ता कोन ले सार्दे', तारली आणि रानबडीशेपेच्या पाल्याचा पास्ता, त्यातही बेदाणे-चिलगोजे आणि केशर. वरून चीज नाही, ब्रेडचा भाजलेला चुरा. गरिबाचं चीज म्हणतात त्याला. पण ताज्या रानबडीशेपेची खरी बहार वसंतात असते. डिसेंबरात मिळेल, पण मी असतो तर आधी विचारलं असतं.

याचीच एक गंमत. मासे न घालता केलेल्या या पास्त्याला 'सार्दे आ मारे' म्हणतात, म्हणजे 'तारल्या अजून समुद्रातच आहेत'. शाकाहारी म्हणून लगेच उडी मारू नका, त्यात बहुधा अँकोव्ही विरघळवलेली असते.

तिसरं, फक्त छाती असलेल्यांसाठी. 'पानी का मेउसा'. वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, पातळ कापून, डुकराच्या चरबीत परतून पावात भरतात. बंदरापाशी ला कालाला 'पोर्ता कार्बोने' आहे, तिथे खाल्ला. तिरकं ठेवलेलं मोठं भांडं, खालच्या बाजूला चरबी खदखदतेय आणि वरच्या बाजूला कातळ्या निथळतायत. माणूस काट्यानं मूठभर उचलतो, पावात दाबून चरबी पिळून काढतो आणि मान वर न करता विचारतो, "स्किएत्ता ओ मारिताता?" म्हणजे कुमारिका की लग्न झालेली? कुमारिका म्हणजे नुसतं लिंबू, लग्न झालेली म्हणजे वर रिकोत्ता (मऊ, ताजं चीज) आणि किसलेलं चीज. मी दोन्ही खाल्ल्या. माझं मत कुमारिकेला. (बायको हा धागा वाचत नाही.)

आता तोटा. एका संध्याकाळी आम्ही चौघे फोटोवाला मेन्यू लावलेल्या ठिकाणी बसलो. नाव घेत नाही. बर्फावर मासे मांडलेले, मी बोट दाखवलं, पाटीवर सात युरो. बिल आलं तेव्हा तो एक मासाच पन्नासाच्या घरात. सात युरो 'आल्लेत्तो', म्हणजे शंभर ग्रॅमला होते. भांडायला गेलो, पाटी त्यांच्या बाजूनं. तेव्हा मासा आधी वजन करायला लावा, किंमत बोलून घ्या, मग विस्तवावर जाऊ द्या. मेन्यूत नावापुढे फुली दिसली तर तळटीप वाचा, बर्फातला माल असतो. कायद्यानं सांगावं लागतं त्यांना.

आत्याबाई

प्लीहा! आणि मी इथे कारल्याच्या भाजीवरून नातवाशी भांडतेय.

जुनी_नाणी

फार चांगला धागा. वाचनखूण साठवली आहे.

मृद्गंधा, तुम्ही १० ते १५ म्हणालात. म्हणजे १३ डिसेंबरला तुम्ही तिथे आहात. तारीख मुद्दाम निवडलीत का? तो सांता लुचिया या संत बाईचा दिवस. त्या दिवशी पालेर्मोत गव्हाच्या पिठाचं काही खात नाहीत. पाव नाही, पास्ता नाही. आपल्याकडे एकादशीला भात नसतो तसंच. आणि आपल्यासारखंच, उपास म्हणून दुप्पट खातात! आरांचीने, पानेल्ले, बटाटे आणि कुच्चीया.

कथा अशी सांगतात. १६४६ साली दुष्काळ पडला होता. सांता लुचियाच्या दिवशी बंदरात गव्हानं भरलेलं जहाज लागलं. दळायला कुणाला धीर निघेना, लोकांनी अख्खे गहूच उकडून खाल्ले. सिसिलीतल्याच सिराकूझा शहरातले लोकही हीच कथा आपली म्हणून सांगतात, तो वाद चालू द्या. तेव्हापासून त्या दिवशी गव्हाचं पीठ वर्ज्य आणि अख्खा गहू प्रसादासारखा. तीच कुच्चीया: भिजवून उकडलेले गहू, साखर घातलेला रिकोत्ता, वर चॉकलेटचे कण आणि पाकवलेली फळं. तुमच्या सासूबाईंना खपली गव्हाची खीर ठाऊक असेलच. पेस्ट्रीच्या दुकानांत मिळते, बाहेर पाटी लागते.

बाकी या खाण्यात बेदाणे, केशर, साखर, आंबटगोड चव कुठून आली ते शहराचा इतिहास सांगतो. ८३१ मध्ये अरबांनी पालेर्मो घेतलं, १०७२ मध्ये नॉर्मनांनी. पण नॉर्मन राजांनी अरबांना हाकललं नाही, दरबारात ठेवलं. त्यातला अल-इद्रिसी हा भूगोलकार. राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ११५४ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात तो लिहितो की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिया' नावाची पिठाची सुतं करतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात. सुका पास्ता. मार्को पोलोनं चीनहून पास्ता आणला म्हणणाऱ्यांना हे ऐकवा, पोलोचा जन्म त्यानंतर शंभर वर्षांनी.

आणखी एक, हे खाण्याबद्दल नाही पण कुठे खावं याबद्दल आहे. काही दुकानांच्या दारावर 'अद्दियोपित्सो' असा स्टिकर दिसेल. पित्सो म्हणजे माफियाची खंडणी. २००४ च्या जूनमध्ये काही तरुण पोरांनी रातोरात शहरभर चिठ्ठ्या डकवल्या: जी जनता पित्सो भरते ती स्वाभिमान हरवलेली जनता. त्यातून चळवळ उभी राहिली, आणि खंडणी न देणारे दुकानदार तो स्टिकर लावू लागले. दोन दुकानांत निवड करायची झाली तर मी स्टिकर असलेल्यात जातो.

बेसनलाडू

नाणीकाका, सांता लुचिया माझ्या लक्षातच आली नाही! ताई, मग तर तुमचं नशीब. पण १३ ला दुकानांबाहेर आरांचीनासाठी रांगा असतात, सकाळी लवकर जा.

शाकाहाराचं राहिलेलं. कापोनाता मागाच. वांग्याच्या फोडी तळून त्यात सेलरी, ऑलिव्ह, कांदा, टोमॅटो, केपर्स, व्हिनेगर आणि साखर. आंबटगोड, थोडीशी आपल्या चिंचगुळाच्या वांग्यासारखी. गार वाढतात. गरम करून मागू नका, बघतील तुमच्याकडे. काही ठिकाणी त्यात तलवारमासा घालतात तेवढं विचारा.

जाड पावासारखा स्फिन्चोने, कांदा-टोमॅटोवाला, हातगाडीवर दिसेल. डिसेंबर हा त्याचा महिनाच. पण त्यात अँकोव्ही असते, तेव्हा तो नवऱ्याच्या वाट्याला.

गोडात कान्नोली. पण तिची पुंगळी परंपरेनं 'स्त्रुत्तो'त, म्हणजे डुकराच्या चरबीत करतात, पिठात मार्साला वाइन असते, कधी अंडंही. हे सांगायला मला वाईट वाटतं पण सासूबाईंनी खरं सांगा म्हटलंय. आतला रिकोत्ता मात्र वाटीत वेगळा मागता येतो. हिवाळ्यात मेंढीच्या दुधाचा, अप्रतिम असतो. अगदी काटेकोर असाल तर चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं प्राण्यांचं रेनेट असतं हेही आहे. ते आपण कुठवर पाहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सांता कातेरीनाच्या जुन्या मठात, पियात्सा बेल्लीनीला, 'इ सेग्रेती देल किओस्त्रो' म्हणून दुकान आहे. शहरातल्या मठांमधल्या जोगिणींच्या गोडाच्या कृती तिथे जपल्यात. समोर पुंगळी भरून देतात, ती घेऊन आतल्या अंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसायचं. बदामाचे पदार्थही पुष्कळ आहेत. मार्तोराना म्हणजे बदामाच्या लगद्याची रंगवलेली फळं, इतकी हुबेहूब की आईनं डाळिंब हातात घेऊन दाबून पाहिलं.

पिंगळा

अवांतर: लहानपणी लग्नाच्या पंगतीत मिळायचा तो तीन रंगांचा 'कसाटा' इथलाच का?

बेसनलाडू

नाव इथलंच, वस्तू वेगळी. पालेर्मोचा कास्साता आइस्क्रीम नसतो, केक असतो. आत रिकोत्ता, बाजूनं हिरवा बदामाचा पट्टा, वर अख्खी पाकवलेली फळं, नववधूसारखा नटलेला. केकात अंडं असतं. गोड इतकं की एक तुकडा तिघांत.

झिपरी

वेळेबद्दल कुणीच बोललं नाही. दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद, रात्री साडेसात-आठच्या आधी उघडत नाहीत. सासूबाई साडेसहाला जेवणाऱ्या असतील तर त्या वेळी त्रात्तोरियाच्या, म्हणजे खानावळीच्या, दारावर थापा मारून उपयोग नाही. माझा उपाय म्हणजे दुपारचं जेवण नीट बसून करायचं आणि संध्याकाळी फ्रिज्जितोरिया किंवा फळं-बदाम. बिलात माणशी दोन-एक युरो 'कोपेर्तो' असतो, पाव-टेबलाचा आकार, ती फसवणूक नाही. टीप द्यायलाच हवी असं नाही. कॉफी उभ्यानं प्यायली की स्वस्त.

बालारोतच 'मोल्तीव्होल्ती' आहे. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांनी मिळून चालवलेलं, सिसिलीच्या जोडीला आफ्रिका-आशियातलं खाणं. शाकाहारी ताट मिळालं आणि मुख्य म्हणजे 'आत काय आहे' हे इंग्रजीत नीट सांगितलं.

तारलीवाला

पालेर्मोत बांगलादेशी आणि श्रीलंकेचे तमिळ पुष्कळ आहेत. बालारोच्या आसपासच्या बांगलादेशी दुकानांत तांदूळ, मसूर, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतं. खोलीत चूल असेल तर एक दिवस वरणभात करा, जीव शांत होतो.

आणि सासूबाईंना मोंते पेल्लेग्रीनो डोंगरावर सांता रोझालिया या शहराच्या संत बाईच्या गुहेत न्या. १६२४ च्या प्लेगात तिनं शहर वाचवलं अशी श्रद्धा आहे. तमिळ हिंदू बायका तिथे येऊन हात जोडतात, मी पाहिलंय. जुलैत तिची जत्रा असते, त्यात 'कालिया' विकतात. कालिया म्हणजे फुटाणे, अगदी आपले. हिवाळ्यातही बाजारात मिळतात.

मृद्गंधा

अरे बापरे, किती दिलंत! प्रिंट काढलीय. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. प्लीहेपाशी "पुढे वाच" म्हणाल्या. पाटवडीपाशी "बघू या" म्हणाल्या. लसणीची चटणी आजच कुटायला घेतली.

मृद्गंधा

परत आलो मंडळी. वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

पहिल्या दुपारीच बालारो. पाऊस भुरभुरत होता, ताडपत्र्यांवरून धारा, खाली दिव्यांच्या लाल उजेडात आर्टिचोकचे ढीग आणि विक्रेत्यांची हाळी. नवरा माशांपाशी गायब झाला. मी सासूबाईंना घेऊन एका कढईसमोर उभी राहिले. एका वेळी चार सोडत होता, झाऱ्यानं उलटत होता. आई बराच वेळ पाहत होत्या. पाव हातात आला, लिंबू पिळलं, पुडी उघडून चटणी घातली, घास घेतला. मी तोंडाकडे बघतेय. म्हणाल्या, "पीठ अजून एक वाफ मागत होतं." मग दुसरा घास. मग, "आणि हा गुठळीचा तुकडा बघ." पूर्ण पाव संपवला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विचारलं, "त्या पाटवडीवाल्याकडे कधी जायचं?" पाच दिवसांत चार वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्यानं आईंना पाहून न विचारता लिंबू वेगळं काढून ठेवलं होतं.

त्याच कढईत मासे तळतो का, हे मी कागद दाखवून विचारलं होतं. नाही म्हणाला, फक्त पानेल्ले आणि कात्सिल्ली. दुसरीकडे एका ठिकाणी हो म्हणाले, तिथे आई नुसत्या बसल्या.

१३ तारीख. जुनी_नाणीकाका, तुम्हाला दंडवत. आमच्या गल्लीतल्या बेकरीची फडताळं खरोखर रिकामी होती, आणि शेजारी आरांचीनासाठी रांग पार कोपऱ्यापर्यंत. पालकाची संपली होती, म्हणून आईंना आरांचीना नाहीच मिळाली. नवऱ्यानं 'कार्ने' आणि 'बुर्रो' दोन्ही खाऊन त्यांच्या वाट्याची कसर भरून काढली. कुच्चीया मात्र मिळाली, प्लास्टिकच्या पेल्यात. पाकवलेल्या संत्र्याचे तुकडे आईंनी बाजूला काढले. "गूळ नाही, वेलची नाही. पण गहू बरोबर शिजलाय, बोटचेपा. रात्रभर भिजवला असणार." त्या दुकानातल्या बाईंना मी खुणेनं विचारलं किती वेळ भिजवता. तिनं तीन बोटं दाखवली. तीन दिवस! आईंनी मान हलवली, जशी मावशींच्या पुरणपोळीला हलवतात.

नवऱ्याला बेदाण्यातली तारली आवडली नाही. तारलीवालादादा, माफ करा. तो म्हणतो तिसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला हवं होतं. मेउसा मात्र खाल्ला, कुमारिका. मी एक घास घेतला, कलेजीच्या जवळची चव, पण जास्त मऊ. वजन करून मासा घ्यायचा सल्ला तर दोनदा उपयोगी पडला.

फसलो एकदाच, आपल्या चुकीनं. चौथ्या रात्री दमलो होतो, मोठ्या रस्त्यावर हाका मारून बोलावणाऱ्या ठिकाणी बसलो. कापोनाता आली ती फ्रीजमधली, वांगं रबरासारखं. आईंनी बाजूला सारली आणि पिशवीतून फुटाणे काढले. होय, कालिया, दुपारी घेतलेले.

मठातलं अंगण सुरेख. मी कान्नोलो खाल्ला, आईंनी नुसता रिकोत्ता. "चक्क्याची सख्खी बहीण," म्हणाल्या.

आत्याबाई

एवढं लांब जाऊन पाटवडी, गव्हाची खीर, फुटाणे आणि चक्का! तिकिटाचे पैसे परत मागा.

बरं, त्या पानेल्लेचं प्रमाण काय ते लिहा. रविवारी नातवंडं येणारेत.

मृद्गंधा

आई सांगतायत तसं लिहिते. बेसन एक वाटी, पाणी दीड वाटी, दोन्ही गारच असताना कालवा आणि गाळून घ्या म्हणजे गुठळीची भानगड नाही. मीठ. मंद आंच, हात थांबवायचा नाही. कडा सुटल्या की झाकण ठेवून एक वाफ, ही आईंची दुरुस्ती, पालेर्मोवाले देत नाहीत. पार्सलीऐवजी कोथिंबीर. ताटाच्या उलट्या बाजूला तेल न लावता पातळ थापा, गार झालं की कडेनं आपोआप सुटतं. चौकोनी कापून कडकडीत तेलात. पाव लादीचा चालेल, तीळ नाहीत म्हणून अडत नाही.

लिंबू खातानाच पिळा, आधी पिळलं तर मऊ पडतात.